फौजेनं न काढलेलं कुंपण

"आई, वर्दी काढ दोरीवरची."

"का? ऊन लागतंय व्हय तिला?"

नागसेन हसला नाही. धुतलेली नसतानाही त्याची वर्दी मी मुद्दाम शेजारच्या अण्णासोच्या दारासमोर वाळत घातली होती. या अण्णासोनं आमच्या शेताच्या गाडीवाटेवर बाभळीचं कुंपण घातलं होतं. ऊस तोडीला आलेला, आणि ट्रॅक्टरला आत जायला दुसरी वाट नाही. पोरगा फौजेतनं महिन्याच्या रजेवर आला, तसं मी चावडीपासून गिरणीपर्यंत सांगून ठेवलं, "माझा हवालदार आलाय. आता बघा."

"ती घाल आन् त्याच्या दारात नुसता हुबा ऱ्हा," मी म्हणाले. "बोलू नगंस काय."

"न्हाय जमायचं. गावात हुकूम चालवायला फौज न्हाय. दंगा पोलिसांना आवरंना, तर मॅजिस्ट्रेट बोलावतो आमाला. तवाबी लागंल तेवढंच बळ वापरायचं. आन् रजेवर तर मी नुसता शेवंताबाईचा पोरगा."

"सीमेवर शत्रू हटवतोस, हितं बाभळ हटंना?"

"अण्णासो शत्रू न्हाय. त्याचा पुतण्याबी फौजेत हाय की. उद्या त्यो वर्दी घालून तुझ्या दारात आला तर?"

मी वर्दी दोरीवरनं काढली आणि घडी घालून त्याच्या ट्रंकेत ठेवली. गिरणीतल्या बायकांना काय सांगायचं, ही चिंता वेगळीच.

दुसऱ्या दिवशी एसटीनं आम्ही गडहिंग्लजला गेलो. वाट अडवली तर तहसीलदाराकडं अर्ज करता येतो, हे नागसेननंच शोधून काढलं होतं. रांगेत दोन तास उभे राहिलो. जीभ नुसती सळसळत होती. 'पोरगा हवालदार हाय' एवढं म्हटलं असतं, तर पुढच्यांनी वाट दिली असती.

सही करताना क्लार्कनं विचारलं, "संगं कोण?"

नागसेननं माझ्याकडं बघितलं.

"ल्योक," मी म्हणाले. "नुसता ल्योक."

सुनावणी झाली, साहेब येऊन वाट बघून गेले, आणि अण्णासोनंच कुंपण काढायचं असा हुकूम निघाला. तोवर रजा संपून नागसेन गेलाही होता.

कुंपण निघायच्या दिवशी मी बांधावर खुर्ची टाकून बसले. अण्णासो बाभळी ओढत होता. अर्धं गाव बघायला जमलेलं.

"हवालदार दिसंना त्यो?" त्यानं टोमणा मारला.

"गेला त्याच्या कामाला. तुमी तुमचं करा."

लोक खदखदा हसले. तेवढ्यात अण्णासो कळवळला. तळहातात काटा, चांगला बोटभर.

मी उठले, पदराची पिन काढली आणि त्याचा हात ओढून घेतला. एवढा मिशाळ गडी, डोळे गच्च मिटून माझ्यापुढं उकिडवा बसला. मागं ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवत होता.

"थांब की रं जरा," मी ओरडले. "मोडंल काटा आत."