दोन फेरे

आमच्या घरातलं भावाभावांचं भांडण जमिनीवरून झालं नाही, सोन्यावरूनही झालं नाही. ते पाण्यावरून झालं, आणि तेही प्यायच्या नाही. बैठकीच्या खोलीत भिंतीला लागून जी मोठी काचेची टाकी आहे, तिच्यातल्या खाऱ्या पाण्यावरून. बाहेर कुणाला सांगायची सोय नाही. लोक हसतील, आणि त्यांचं काही चुकणारही नाही.

टाकी माझ्या नवऱ्याने आणि धाकट्या दिरांनी मिळून उभी केली. वर प्रवाळ आणि मासे. वरचं पाणी पाइपातून खालच्या कपाटात उतरतं आणि तिथे त्याला दोन वाटा फुटतात. एक वाट सम्पमध्ये, म्हणजे मोठ्या कप्प्यात, जाते. तिथे पाणी गाळलं जातं आणि पंप ते पुन्हा वर ढकलतो. दुसरी वाट शेजारच्या लहान कप्प्यात जाते. त्याला हे दोघं रेफ्यूजियम म्हणतात, मी माहेर म्हणते. तिथे दिव्याखाली शेवाळ वाढतं, शेवाळात तिळाहून बारीक किडे निवांत संसार थाटतात, आणि त्यांतले थोडे पाण्याबरोबर वर जाऊन माशांच्या तोंडी लागतात. माहेराला किती पाणी सोडायचं ते एका व्हॉल्व्हवर ठरतं. त्याला गोल चाक आहे. चाकाकडे बघून तो किती उघडा आहे ते कळत नाही, आणि नळीचं तोंड पाण्याखाली असल्यामुळे धारही दिसत नाही. ज्याने फिरवलं त्यालाच ठाऊक.

यांची सगळी नोकरी कारखान्याच्या बॉयलरवर गेली. दाब असला की जगात सगळं सुरळीत चालतं, असा माणूस. जितकं जास्त पाणी शेवाळातून जाईल तितकं ते स्वच्छ होईल, हे यांचं म्हणणं. भाऊजींचा धंदा चष्म्याच्या काचा घासायचा, त्यांना घाई ठाऊक नाही. त्यांचं म्हणणं, दोन फेरे कमी कर दादा, एवढ्या लोंढ्यात किडे टिकत नाहीत. तेव्हा टाकीत एक मँडरिन मासा होता, निळ्या-केशरी नक्षीचा. त्याची जात फार नखरेल. घातलेलं खाणं तोंडात घेत नाही, दिवसभर दगडांवरून किडे टिपत हिंडतो. तो उपाशी मेला. भाऊजी म्हणाले, तू मारलास. हे म्हणाले, माझ्या घरात येऊन मला शिकवू नकोस. एवढ्यावर भाऊजी उठले ते आलेच नाहीत.

सासूबाई होत्या तोवर रोज विषय काढायच्या. त्याला बोलाव रे, म्हणायच्या. हे म्हणायचे, त्याने यावं. तिकडे भाऊजी म्हणत असणार, त्याने बोलवावं. सासूबाई गेल्या त्या दिवशी हॉस्पिटलच्या जिन्यात एक भाऊ वरच्या पायरीवर उभा होता आणि एक खालच्या, आणि मधून आम्ही बाकीचे सगळे ये-जा करत होतो. दोघांच्या मुस्कटात एकेक ठेवून द्यावी असं मला तेव्हा वाटलं होतं. ठेवून दिली नाही, मोठी सून होते ना.

मधल्या काळात यांनी दुसरा मँडरिन आणला. हा मात्र चांगला गुटगुटीत झाला. मी त्याचं नाव नवरदेव ठेवलं. नटलेला, आणि हातचं काही न खाणारा. हे संध्याकाळी त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसायचे. माझ्याशी चार वाक्यं बोलायला यांचं तोंड दुखायचं, पण नवरदेवाशी तासभर गुजगोष्टी चालायच्या.

या वर्षी यांना धाप लागायला लागली. वाकवेना, त्यामुळे कपाट उघडणं बंद झालं. माहेराचा दिवा कधी गेला ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. शेवाळ आटलं आणि नवरदेवाचं पोट आत जायला लागलं. मग यांच्या छातीचं ऑपरेशन ठरलं. आत नेताना यांनी माझा हात धरला. मला वाटलं, आता तरी काहीतरी गोड बोलतील. म्हणाले, "नवरदेवाला सांभाळ."

मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मी भाऊजींना फोन केला. मनात एक हिशेबही होता, खोटं कशाला बोलू. मासा वाचला तर त्या निमित्ताने हे दोघं बोलतील.

भाऊजी त्याच दिवशी आले. दारात क्षणभर थांबले, मग सरळ टाकीपाशी गेले आणि नवरदेवाकडे बघत राहिले.

"बघितलंत वहिनी, पोट कसं आत गेलंय? अजून तोच हट्ट चालू आहे त्याचा. कितवा हा?"

त्यातला टोमणा मला झोंबला. नवरा ऑपरेशनच्या टेबलावर आणि याला हे सुचतंय. मी उत्तर न देता चहा टाकायला गेले. तेव्हाच सांगितलं असतं, की भाऊजी, हा दुसराच, इतकी वर्षं तोच आहे, दिवा जाईपर्यंत ठणठणीत होता, तर पुढचं सगळं टळलं असतं.

त्यांनी नवा दिवा बसवला. मग पालथे पडून कपाटात हात घातला आणि व्हॉल्व्हचं चाक दोन फेरे आवळलं. बाहेर आले तेव्हा चेहऱ्यावर समाधान होतं. दादा घरी येईल तोवर मासा टुमटुमीत करून दाखवतो, म्हणाले.

यांचं घरी येणं लांबलं, छातीत कफ झाला. भाऊजी एक दिवसाआड टाकीकडे यायचे. हॉस्पिटलमध्ये मात्र गेले नाहीत. मासा सुधारला की जाईन, म्हणायचे. शेवाळ हिरवं व्हायचं सोडून पांढरं पडायला लागलं, वास मारायला लागलं. ते म्हणायचे, इतक्या वर्षांचं बिघडलेलं आहे वहिनी, सुधारायला वेळ लागणारच. नवरदेव दगडांवरून हिंडत राहिला, प्रत्येक खाचेत तोंड घालून बघत राहिला. मग एका जागी बसायला लागला. हे घरी यायच्या आदल्या दिवशी मेला.

यांना आणायला मी आणि भाऊजी दोघं गेलो. घरात शिरल्यावर हे टाकीसमोरच्या खुर्चीत बसले आणि शोधायला लागले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवली, पुन्हा फिरवली. मला बघवेना.

भाऊजी यांच्या पायापाशी जमिनीवर बसले. "काल गेला, दादा. मीच पाणी दोन फेरे कमी केलं होतं. तुझंच बरोबर होतं. मी उगाच ताठून बसलो इतकी वर्षं. माफ कर मला."

मला इतकं हायसं वाटलं. मासा गेला तर गेला, म्हटलं, भाऊ तर परत आला. आता यांनी नुसतं "असू दे" म्हणायचं, की मिटलं.

यांनी टाकीवरची नजर काढून खालच्या कपाटाकडे बघितलं. मग म्हणाले, "तुझंच बरोबर होतं. मी तेव्हाच दोन फेरे कमी केले होते."

भाऊजींनी वर बघितलं. त्यांना सगळं समजायला थोडा वेळ लागला. दोन आधीच कमी होते, त्यावर त्यांनी आणखी दोन आवळले. माहेराचं पाणीच तोडलं.

"म्हणजे मी मारला त्याला," भाऊजी म्हणाले.

"मी सांगितलं असतं तर तू कशाला फिरवलं असतंस?"

"तेव्हाच म्हणजे कधी?"

"तू गेलास त्याच आठवड्यात. फोन करणार होतो. मग वाटलं, रविवारी करू. मग लाज वाटायला लागली."

मी यांच्याकडे बघतच राहिले. एका छपराखाली राहून मला याचा पत्ता नव्हता. नवरदेव इतका धष्टपुष्ट का, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

भाऊजींनी माशाचं नावच काढलं नाही पुढे. अगदी हळू एवढंच विचारलं, "आई गेली तेव्हाही?"

"तेव्हाही," हे म्हणाले.

मी आत निघून गेले. दोघांचाही इतका राग आला होता की तिथे थांबले असते तर ऑपरेशन झालेल्या माणसाला नको ते बोलले असते. ओट्याशी उभी राहून रडले. नवरदेवासाठी नाही, सासूबाईंसाठी.

आता भाऊजी दर रविवारी येतात. यांना अजून वाकवत नाही, म्हणून कपाटातलं सगळं तेच करतात. व्हॉल्व्ह जिथे होता तिथे परत आणला आहे. शेवाळ पुन्हा हिरवं झालं, आणि हल्ली वरच्या काचेवरसुद्धा किडे दिसतात, बारीक पांढरे, सगळीकडे. दोघं भाऊ शेजारी शेजारी बसून बघत असतात.

"पुष्कळ झालेत," भाऊजी म्हणतात.

"हो," हे म्हणतात. खाणारा गेला, असं दोघांपैकी कुणी म्हणत नाही, आणि चहा ठेवताना मीही म्हणत नाही.