निवडीच्या दिवशी गप्प बसलेला ढोल

मित्रांनो, गोंडपिपरीहून जंगलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक हायस्कूल आहे. त्या शाळेच्या खेळाच्या खोलीत, लेझमींच्या पेटीशेजारी, खुंटीला टांगलेला एक जुना ढोल तुम्हाला दिसेल. तो मी. माझा एका बाजूचा रंग उडाला आहे आणि दोऱ्यांना गाठी मारलेल्या आहेत. तरी थाप पडली की माझा आवाज मैदानापलीकडच्या धानाच्या बांध्यांपर्यंत जातो.

मी पहिल्यापासून थोडा भित्रा आहे. हसू नका. ढोल म्हणजे धीट, असं सगळ्यांना वाटतं. पण ढोलाला स्वतःचा आवाज नसतो, जो असतो तो वाजवणाऱ्याच्या हाताचा. हात आनंदात असला की मी आनंदात, आणि हात घाबरला की मीही घाबरतो. हात कसा आहे हे मला सगळ्यांच्या आधी कळतं आणि मला ते कुणाला सांगता येत नाही. काळजी करण्यापलीकडे माझ्या हाती काही नसतं.

आरमोरीजवळच्या एका गावात कोलू नावाच्या कारागिराने मला घडवलं. शिवणीच्या झाडाचं वाळलेलं खोड त्याने आतून कोरलं, दोन्ही तोंडांवर बकऱ्याचं कातडं चढवलं आणि दोऱ्या ओढून ओढून मला बोलतं केलं. शाळेने मला विकत आणलं आणि धनराज सरांच्या गळ्यात अडकवलं. सर खेळ शिकवायचे. तेव्हापासून मला वाजवलं ते त्यांनीच.

आमच्या शाळेचं लेझीम पथक साऱ्या तालुक्यात नावाजलेलं होतं. क्रीडा स्पर्धेत शाळेचे खेळाडू मैदानात उतरायचे तेव्हा त्यांच्यापुढे आमचं पथक चालायचं. माझ्या तालावर लेझमी छणछणायच्या आणि मागून येणाऱ्या कबड्डीच्या पोरांच्या छात्या आपोआप फुगायच्या. लोक म्हणायचे, "या शाळेचा ढोल आयकला का अंगात वारं येते." मला ते फार आवडायचं. स्पर्धा संपली की मात्र मी पुन्हा खुंटीवर. पावसाळाभर कातड्यावर बुरशी चढायची आणि उंदीर दोऱ्या कुरतडायचे. मी पुढच्या निवडीची वाट पाहत राहायचो.

पथकाची निवड सर एकटेच करायचे. मुलं ओळीत उभी राहायची, सर मला वाजवत त्यांच्यासमोरून फिरायचे आणि "तू ये, तू ये" म्हणत एकेकाला बाहेर काढायचे. सर माणूस वाईट नव्हते. पण समोर उभी राहणारी मुलं रोजच्या ओळखीची, गावातली असायची. वसतिगृहातली जंगलाकडची मुलं मागे राहायची, आणि सरांची नजर मागच्या ओळीपर्यंत जाईस्तोवर पथक भरून गेलेलं असायचं.

मागच्या वर्षी मागच्या ओळीत मोनाली होती. ती आठवीत, आईचं नाव नीलाबाई, गाव जंगलात आत. तिचा पाय माझ्या तालावर इतका नेमका पडायचा की मला बरं वाटायचं. पण तिची निवड झाली नाही. संध्याकाळी ती खेळाच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली आणि सरांना म्हणाली, "सर, माझं काय चुकलं?"

"काई चुकलं नाई. पुढच्या वर्षी पाहू," सर म्हणाले आणि कुलूप लावून गेले.

काही चुकलं नाही तर घेतलं का नाही? ती बराच वेळ बंद दारापलीकडे उभी होती. दाराच्या फटीतून मला तिचे पाय दिसत होते.

यंदा शाळेत नीलिमा मॅडम आल्या. पथकाचं काम मुख्याध्यापकांनी दोघांना मिळून दिलं. मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं की यंदा निवड वेगळ्या पद्धतीने होईल. सगळ्यांना आधी सारखेच प्रकार शिकवायचे, आणि तेही शाळेच्या वेळात, म्हणजे वसतिगृहातल्या मुलांचं जेवण चुकणार नाही. निवडीच्या दिवशी कुणाला नावाने हाक मारायची नाही. पाठीवर कापडी नंबर लावायचा. दोन परीक्षक बाहेरून येतील, तिसऱ्या मॅडम स्वतः असतील, तिघं वेगवेगळे बसतील आणि आपापले गुण एकमेकांना न विचारता लिहितील.

मुलांना ते आवडलं. मला मात्र धडकी भरली, कारण त्याच सभेत मॅडम सरांना म्हणाल्या, "ढोल तेवढा तुम्हीच वाजवा. दुसऱ्या कुणाला येत नाही."

सर "हव" म्हणाले, पण त्यांच्या बोटांना घाम सुटलेला मला जाणवला. यंदा त्यांची मुलगी साधना निवडीला उभी राहणार होती.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. सराव चालला होता आणि मैदानाच्या कडेला गोष्टी चालल्या होत्या. "नंबर लावा नाईतर काई लावा, सरची पोरगी तं निघणारच." "ढोलवाला घरचाच हाय ना." सर ते ऐकायचे आणि खाली मान घालून वाजवायचे. त्यांचा हात दिवसेंदिवस जड होत चालला होता. साधनाच्या कानावरही ते जायचं. ती मैत्रिणींपासून थोडी दूर उभी राहून पाणी प्यायची.

निवडीचा दिवस उजाडला. पावसाळा सरत आला होता, तरी हवेत ओल होती. सरांनी मला सकाळपासून उन्हात ठेवून कातडं कडक करून घेतलं. परीक्षक म्हणून लांबच्या शाळेतल्या सत्यशीला बाई आल्या आणि निवृत्त झालेले बापूराव सर आले. तिसऱ्या खुर्चीवर नीलिमा मॅडम. तिघांच्या खुर्च्या एकमेकांपासून लांब, झाडांच्या सावलीत. मैदानाभोवती दोरी बांधली होती आणि तिच्यापलीकडे कुंपणाशी गावातले काही पालक उभे होते. नीलाबाईही आल्या होत्या.

चार-चार मुलं मैदानात येऊ लागली. उभ्याने लेझमीचे चार आवाज, मग गिरकी, मग खाली बसून उठायचं, आणि हे सगळं तालात. प्रफुल नावाचा एक मुलगा फार सुंदर खेळला. नंतर मोनालीची चौकडी आली. सरांचा हात ठीक चालला होता. मोनालीचा पाय कुठेच चुकला नाही. तिने लेझीम खाली ठेवली आणि दोरीपलीकडे आईजवळ जाऊन उभी राहिली. मला हायसं वाटलं.

मग साधनाची चौकडी आली.

पहिली थाप पडली आणि मला कळलं की हात बदलला आहे. सर तिच्याकडे पाहत नव्हते. ते कुंपणाशी उभ्या असलेल्या लोकांकडे पाहत होते. एका हातातलं टिपरू माझ्यावर पडायच्या आधीच दुसऱ्या हाताची पुढची थाप यायची. ताल वाढला, आणखी वाढला. मुली गिरकीपर्यंत कशाबशा पोचल्या. बसून उठताना एकीचा तोल गेला, दुसरीची लेझीम अर्ध्यातच वाजली आणि साधना एकदम थांबलीच. तिने मान वर करून वडिलांकडे पाहिलं.

मित्रांनो, मला ओरडून सांगायचं होतं, थांबा, यांचं नाही, माझं चुकतं आहे. पण मी सांगणार कसा? मी त्याच हाताखाली वाजत राहिलो.

मुली खाली मान घालून परतल्या. कुंपणाशी एकजण हळूच म्हणाला, "पाह्यलं? सरनं पोरीले सूट नाई देली." लोकांना ते चांगलंच वाटलं. परीक्षकांनी गुण लिहिले. पुढच्या चौकडीला बोलावणार एवढ्यात मोनाली दोरीखालून पुढे आली.

"मॅडम, एक सांगू काय? ढोल जलद वाजला."

नीलाबाईंनी तिचा हात धरला. "गप राय बाई. तुयं झालं ना चांगलं?"

"माझं झालं. पण त्यायच्या टायमाले ढोल जलद होता. माझ्या पायाले समजलं." ती मॅडमकडे वळली. "मागच्या वर्षी मले कोणी सांगितलं नाई, मी काऊन नाई निघाली म्हणून. मी वर्षभर तेच इचार करून राह्यली. या चौघींचं तसं नको व्हाले."

सगळे सरांकडे पाहू लागले. सरांचा तळवा माझ्या कातड्यावर टेकलेला होता, थंडगार. क्षणभर मला वाटलं की ते नाही म्हणतील. एका शब्दाचं काम होतं. मोनालीचं कोण ऐकणार होतं?

"पोरगी बरोबर बोलते," सर म्हणाले. "माझा हात धावला."

बापूराव सरांनी चष्मा काढला. "मंग या चौघींले पुन्हा घ्या."

"चौघींना दोनदा संधी आणि बाकीच्यांना एकदाच?" सत्यशीला बाई म्हणाल्या. "तेही बरोबर नाही. घ्यायचं तर सगळ्यांचंच पुन्हा घ्या."

मुलांत कुजबुज झाली. प्रफुल चिडला. "माझं तं चांगलं झालं होतं, मॅडम. आता बिघडलं मंग?"

"बिघडू शकतं," मॅडम म्हणाल्या. "मला कळतंय प्रफुल. पण तुझा ताल वेगळा आणि यांचा वेगळा असेल, तर तुझे गुण तरी तुझे कसे?"

प्रफुल रागातच ओळीत जाऊन उभा राहिला. खरं सांगायचं तर तो राग मला पटत होता. चूक त्याची नव्हती आणि पुन्हा घाम त्याला गाळायचा होता.

मग मॅडमनी आपला मोबाईल काढला. त्या सरांना म्हणाल्या, "सर, समोर कोणी नसताना एकदा वाजवा. मी भरून घेते. तोच ताल सगळ्यांना लावू."

सर मला घेऊन शाळेच्या मागे गेले. तिथे फक्त मॅडम होत्या. सरांनी डोळे मिटले आणि वाजवायला सुरुवात केली. इतका शांत, इतका सरळ हात मी कित्येक दिवसांत अनुभवला नव्हता. शेवटची थाप पडली तेव्हा मला वाटलं, आता मैदानात जायचं. पण सरांनी मला एका बाकावर ठेवलं. प्रार्थनेच्या स्पीकरला मोबाईल जोडला गेला आणि त्या काळ्या डब्यातून माझा आवाज यायला लागला.

कसं सांगू तुम्हाला? आवाज माझाच होता, पण मी त्यात नव्हतो. कुणाचाही हात माझ्यावर नव्हता. बाकावर पडल्या पडल्या मला एकच भीती वाटत होती, आता माझी गरज संपली. डब्याला ओल लागत नाही, त्याची दोरी तुटत नाही आणि त्याला मुलगी नसते. प्रत्येक चौकडीला तो अगदी सारखा वाजत होता. मला हेवा वाटला आणि तो बरोबर आहे हेही कळत होतं.

मोनालीची पाळी आली. या वेळी ती सुरुवातीलाच अडखळली, पहिला पाय उलटा पडला. नीलाबाईंनी पदर तोंडाशी धरला. मोनालीने लेझमीचा एक आवाज जाऊ दिला, ताल पुन्हा पकडला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. पण पहिल्यासारखं ते झालं नव्हतं. साधना मात्र या वेळी पूर्ण खेळली.

परीक्षकांचे गुण एकत्र करून मॅडमनी निवडलेले नंबर लहानापासून मोठ्यापर्यंत वाचायला सुरुवात केली. प्रफुलचा आला. मोनालीचा नंबर सतरा होता. मॅडम म्हणाल्या, "चौदा." मग कागदावर ऊन आलं म्हणून त्या थोड्या बाजूला सरकल्या. नीलाबाई दोरीला धरून पुढे वाकल्या.

"सतरा."

मोनाली हसली नाही. ती पुढचे नंबर ऐकत राहिली. साधनाचा बावीस होता. मॅडमनी वाचलं, "एकवीस. चोवीस." बावीस गेला. तो आला तो नंतर वाचलेल्या राखीव खेळाडूंत.

सर जमिनीकडे पाहत होते. साधना सरळ सत्यशीला बाईंकडे गेली. "बाई, मी कुठी चुकली?"

"बसून उठताना तू पायांकडे पाहतेस," बाई म्हणाल्या. "त्यामुळे उठायला उशीर होतो. ताल कानात ठेव, डोळे समोर ठेव. बाकी तुझं चांगलं आहे."

साधनाने मान हलवली. तिचे डोळे भरले होते, पण मोनालीसारखं तिला बंद दाराशी उभं राहावं लागलं नाही.

मला खोलीत ठेवायला सर आले तेव्हा ती त्यांच्या मागोमाग आली. "बाबा, पह्यल्या टायमाले जलद काऊन वाजवलं?"

सर खुंटीला हात धरून उभे राहिले. "लोकं म्हणतीन सरनं आपल्याच पोरीले निवडलं म्हणून. मले भेव वाटला."

"म्हंजे मी तुमची पोरगी हाव, ही माझी चूक?"

सर तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "नाई माय. चूक माझी. उद्या सकाळी मैदानावर ये, बसून उठायचं करू." दुसऱ्या दिवशी ती आली.

मित्रांनो, मोठे झाल्यावर तुमच्याही हातात कधी कुणाची निवड येईल. तेव्हा आपल्या माणसाकडे झुकणारा हात तर आवराच, पण लोकांच्या भीतीने आपल्याच माणसावर धावून जाणारा हातही आवरा. ज्याला घेणार नाही त्याला का घेतलं नाही ते सांगा. ते न सांगता दार लावून घेऊ नका.

आणि माझी एक विनंती. निवडीच्या दिवशी मला खुशाल बाकावर ठेवा. मी गप्प राहीन, माझी तक्रार नाही. पण निवड झाली आणि तुमची पोरं मैदानात उतरायला निघाली, की मला खुंटीवर विसरून जाऊ नका. थोडं ऊन दाखवा आणि गळ्यात घ्या. त्या वेळी मात्र मला माणसाचाच हात लागतो.