कोंबड्यांचा पिंजरा आणि खसखशीचा पाय

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी पिंजरा आहे. जुना म्हटलं म्हणून लगेच भंगारवाल्याला हाक मारू नका! सारंगखेड्याच्या एका वेल्डरने घोड्यांच्या तबेल्याचं फाटक बनवलं आणि उरलेल्या गजांतून मला घडवलं. म्हणजे माझं कूळ घोड्यांचं. नशिबात मात्र कोंबड्या आल्या, त्याला कोण काय करणार?

कोरीट गावच्या भिला नावाच्या शेतकऱ्याने मला विकत घेतलं. त्याच्या अंगणात मी सहा वर्षं कोंबड्या सांभाळल्या. माझा तळ जाळीचा, म्हणून घाण खाली पडायची. भिला सगळ्यांना अभिमानाने सांगायचा, "कोल्हा बी हारी ग्या यान्हापुढे!" पुढे त्याने कोंबड्या विकल्या आणि मी गोठ्यामागे गंजत पडलो. साधी चिमणीही माझ्याकडे फिरकत नव्हती.

त्याच सुमारास नंदुरबारचे किराणा दुकानदार धर्मचंदशेठ मोठ्या अडचणीत सापडले. सुरतला राहणाऱ्या बहिणीने त्यांच्या मुलीला, आयुषीला, एक चिंचिला दिली होती. चिंचिला म्हणजे सशाएवढी नाही आणि उंदराएवढीही नाही, करड्या मऊ केसांची, झुपकेदार शेपटीची आणि सारखी उड्या मारणारी. आयुषीने तिचं नाव खसखस ठेवलं. खोक्यातून आलेल्या खसखशीने घरी पोचेपर्यंत निम्मं खोकं कुरतडून टाकलं होतं. पिंजरा त्याच दिवशी हवा होता. नेमका भिला दुकानात साखर घ्यायला आला आणि म्हणाला, "शेठ, मन्हा पिंजरा लई जा. मजबूत शे."

शेठनी मला नेलं, घासलं आणि निळा रंग दिला. पण घरात त्यांची आई छोटीबाई होत्या. बटाटासुद्धा न खाणाऱ्या त्या जैन घरात कोंबड्यांचा पिंजरा! शेठ पन्नाशीचे, पण आईपुढे अजून चड्डीतलेच. आईला ते बाई म्हणत. त्यांनी घाम पुसत सांगितलं, "बाई, पोपटाचा आहे."

पोपटाचा तर पोपटाचा! आयुष्यात पहिल्यांदा रंग मिळाला होता. तो मिरवत बसलो.

छोटीबाईंना माझं काही वाटलं नाही, त्यांचा राग खसखशीवर होता. "दुकानातले उंदीर हाकलून आपण थकलो आणि हा घरात आणून बसवतो! वर त्याला एसी!" खसखशीला उकाडा सोसत नाही, म्हणून तिची जागा एसीच्या खोलीत होती. बडबडत का होईना, छोटीबाईही दुपारी तिथेच येऊन बसायच्या. जप झाला की माळ माझ्या डोक्यावर ठेवायच्या. कोंबड्यांचा पिंजरा आणि डोक्यावर जपमाळ! मला फार लाज वाटायची, आणि खरं सांगतो, बरंही वाटायचं.

एका संध्याकाळी खसखस, शेठनी माझ्या आत बसवलेल्या वरच्या फळीवरून उडी मारून खाली आली आणि तिचा मागचा पाय माझ्या जाळीत अडकला. ती घाबरली, तिने हिसका दिला. तिचं ते किंचाळणं मला अजून ऐकू येतं. ज्या जाळीचा मला अभिमान, त्याच जाळीने घात केला. आयुषीने रडत रडत पाय सोडवला. तो सुजला होता आणि त्यातून रक्त येत होतं.

माझ्या तळाला टॉवेल अंथरून, खसखशीला आत ठेवून सगळे मला घेऊन जनावरांच्या दवाखान्यात निघाले. "उंदराला दवाखान्यात नेणारे लोक तरी बघू," म्हणत छोटीबाईही रिक्षात बसल्या. तिथे चार म्हशी आणि त्यांचे मालक आधीच रांगेत होते.

डॉक्टर शीलाताईंनी पाय हलकेच तपासला. "हाडाला चीर दिसते. ती भरेल. पट्टी बांधली तर ही कुरतडून टाकेल, त्यापेक्षा उड्या बंद. मला काळजी जखमेची आहे. जंतू शिरले तर पाय काढावा लागेल. या पिंजऱ्यात आधी काय ठेवायचात?"

"पोपट," शेठ म्हणाले.

"नक्की ना? औषध त्यावर ठरवायचंय."

शेठनी आईकडे पाहिलं. मग आयुषीकडे पाहिलं. तिने खसखशीला ओढणीत घट्ट धरलं होतं.

"कोंबड्या," शेठ पुटपुटले. "सहा वर्षं."

म्हशीसुद्धा रवंथ करायच्या थांबल्या असं मला वाटलं. छोटीबाईंनी आधी मला पाहिलं, मग हातातली माळ पाहिली. "सहा महिने मी याच्यावर माळ ठेवली रे!"

शेठनी हात जोडले. "मिच्छामि दुक्कडम्, बाई. चुकलो."

"माझी माफी कशाला मागतोस? पाय कुणाचा अडकला? तिची माग!"

आणि मित्रांनो, धर्मचंदशेठ, ज्यांच्यासमोर अख्खा बाजार वाकतो, ते सगळ्यांदेखत वाकले आणि ओढणीतल्या खसखशीला म्हणाले, "मिच्छामि दुक्कडम्." खसखस शिंकली. तेवढ्याने आयुषीला हसू आलं.

डॉक्टरांनी त्याप्रमाणे औषध दिलं. आता माझं काय होणार? मी भंगाराची तयारी ठेवली होती. पण डॉक्टर म्हणाल्या, "महिनाभर हिला असाच बुटका पिंजरा हवा. फळ्या काढा, उकळत्या पाण्याने धुवा आणि जाळी झाका."

मला तीनदा धुतलं. जाळीवर घालायला छोटीबाईंनी स्वतःचा जेवायचा पाट दिला. खसखशीने पहिल्याच दिवशी त्याचा कोपरा कुरतडला. छोटीबाई म्हणाल्या, "खाऊ दे. आजारी माणसाला चव नसते."

पाय वाचला. थोडी लंगडते, पण उड्या सोडल्या नाहीत. तिला आता सपाट तळाचा मोठा पिंजरा आलाय आणि मी शेजारी रिकामा असतो. काल छोटीबाईंनी जप संपवला, इकडेतिकडे पाहिलं आणि माळ माझ्याच डोक्यावर ठेवली. मला रडू आलं, पण गंजाच्या भीतीने आवरलं.

मित्रांनो, नवा जीव घरी आणताना तुम्ही त्याचं गोड तोंड बघता. जरा त्याच्या पायाखालीही बघा. आणि पिंजरा आधी कुणाचा होता ते आजीला पहिल्याच दिवशी सांगून टाका. सांगावं लागतंच, मग चार म्हशींसमोर सांगण्यापेक्षा घरात सांगितलेलं बरं.