क्रोवेलचं माहेर

"घ्या, क्रोवेलचं माहेर आलं," कॅप्टन पेनहॅलो म्हणाले आणि सगळा डेक खो खो हसला.

लेफ्टनंट सायलस क्रोवेलही हसला, सगळ्यांपेक्षा जरा मोठ्यानेच. समोर त्याची जन्मभूमी, अमेरिकेतल्या नोव्हा स्कोशिया वसाहतीचा किनारा होता म्हणे! दिसत होतं ते नुसतं धुकं, डोलकाठ्यांचे शेंडेसुद्धा गिळून बसलेलं.

इंग्रजांच्या आरमारात वसाहतीत जन्मलेल्या पोराला विचारतो कोण! म्हणून बढतीच्या वेळी त्याने छाती फुगवून ठोकून दिलं होतं, की तिकडचा खडक न् खडक मला ओळखतो. त्या थापेवर तो लेफ्टनंट झाला. खरं तर लहानपणीच त्याला जहाजावर चढवलं होतं. घरचा आठवत होता तो फक्त वाळवलेल्या कॉड माशाचा वास.

आणि आता कॅप्टननी किनाऱ्यावरच्या वाटाड्याला बोलावणारी तोफही उडवली नव्हती. घरचा माणूस असताना वाटाड्या कशाला, म्हणाले.

जहाजाच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, एक खलाशी दोरीला बांधलेलं शिसं पाण्यात सोडून खोली मोजत होता. शिशाच्या बुडाला चरबी चोपडलेली. तळाचं जे चिकटेल ते बघून सायलसने जागा ओळखायची. आधी वाळू आली. त्याने जाणत्यासारखी मान डोलावली. मग शिंपल्यांचा चुरा आला. तेव्हाही डोलावली. मान डोलवायला काय जातं!

पुढच्या खेपेला चरबी कोरीच आली. नुसता एक खोल ओरखडा. खाली खडक होता.

जवळच कुठेतरी लाट फुटली. कुठे, ते कळेना.

"बोल की, लेका," कॅप्टन म्हणाले. "डावीकडे का उजवीकडे?"

सायलसने पुन्हा त्या ओरखड्याकडे बघितलं. खरं बोललं तर नोकरी जाणार, खोटं बोललं तर अख्खं जहाज.

"मला ठाऊक नाही, साहेब. कधीच नव्हतं. नांगर टाका."

कुणीच हसलं नाही. नांगराचा दोर सळसळत सुटला, जहाज गचका खाऊन थांबलं. मग वाटाड्यासाठी तोफ उडाली आणि सगळे धुक्यात डोळे फाडून बघू लागले.

धुकं जरा विरळ झालं तेव्हा नाळेच्या अगदी पुढ्यात एक काळा, ओला खडक उभा होता.

कॅप्टननी खडकाकडे बोट केलं. "हा ओळखतो का तुला?"

"आता ओळखेल, साहेब."

कॅप्टननी त्याच्या तलवारीसाठी हात पुढे केला. म्हणजे अटकच. सायलस कमरेचा पट्टा सोडू लागला, पण बक्कल निघेचना, तेव्हा त्याने तलवारच म्यानासकट पट्ट्यातून ओढून काढली आणि त्यांच्या हातात दिली.