शेवटच्या पानापर्यंत वाचणारी

"गाईडात अडीच पानांत आहे ना बे सगळं, मग दोनशे चाळीस पानं काऊन वाचाची?"

पुस्तकांच्या कपाटापलीकडून अंकितचा आवाज आला.

"हळू बोल, मावशी आहे तिकडं," आचल म्हणाली.

"असू दे. मावशीनंच तं झेरॉक्स काढून देल्ली."

मी कपाटाच्या अलीकडे उत्तरपत्रिका घेऊन बसले होते. पोरगा खोटं काहीच बोलत नव्हता.

पुलगावजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयाचं ग्रंथालय मी सांभाळते. ग्रंथालय म्हणजे तीन कपाटं, एक झेरॉक्स मशीन आणि मी. दहावी मी पस्तिसाव्या वर्षी बाहेरून दिली. इंग्रजी शिकले ती शब्दकोश मांडीवर घेऊन, भाजी शिजेपर्यंत एक पान. तेवढ्या भांडवलावर इंग्रजीचे धीरज सर पेपर माझ्याकडे टाकून जातात. ते तासिकेवर तीन कॉलेजं करतात, डबा एसटीत खातात. "कौशल्याताई, पोरांना कादंबरी समजली का तेवढं पाहा, नमुना उत्तराशी ताडा. सही मी करतो."

बारावीला ती जुनी परदेशी कादंबरी लागली आहे. एका शहरात रोज संध्याकाळी घंटा वाजते आणि चौकात एक नाव वाचलं जातं. ज्याचं नाव वाचलं त्याच्याकडे मग कुणी पाहायचं नाही. बायकोनंसुद्धा त्याचं ताट वाढायचं नाही. सरांनी प्रश्न घातला होता तो शेवटावर: नायक शेवटी काय करतो, आणि का?

बेचाळीस पोरांनी लिहिलं होतं की नायक नाव वाचायला नकार देतो, लोक जागे होतात आणि घंटा फोडतात. एकेक शब्द सारखा. गाईडात तसंच आहे. गाईड लिहिणाऱ्यानंही पुस्तक शेवटपर्यंत वाचलेलं नसावं. कारण पुस्तकात घंटा कुणी फोडत नाही. शेवटच्या पानावर तो नायक स्वतः चौथऱ्यावर चढतो, आपल्या सख्ख्या बहिणीचं नाव वाचतो, घरी येतो आणि जेवायला बसतो.

त्रेचाळिसावा पेपर मेघाचा होता. अर्धाच, कारण मध्येच हिसकून घेतला होता. तिनं लिहिलं होतं, तो बहिणीचं नाव वाचतो. पुढे वाकडंतिकडं इंग्रजी: त्याला वाटतं, मी नाही वाचलं तर दुसरा कुणी वाचेल. आणि मग वाक्य तुटलेलं.

मला ते वाक्य पुरं करता आलं असतं.

मेघा चिंधूची पोर. चिंधू जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलतो. कादंबरीच्या मराठी भाषांतराची माझ्याकडे एकच प्रत आहे, आणि तिच्या मागच्या तारखांच्या कागदावर मेघाच्याच नावाच्या तीन तारखा आहेत. पुस्तक परत करताना तिनं विचारलं होतं, "मावशी, बहिनीचं नाव वाचून थो जेवला कसा?"

"भूक लागली असंल," मी म्हणाले होते. ती हसली नव्हती.

सत्र परीक्षेच्या आदल्या दिवशी प्राचार्य लक्ष्मणराव ग्रंथालयात आले. गाईडाची ती अडीच पानं बारीक करून त्रेचाळीस चिठ्ठ्या काढायला सांगितल्या. निकाल शंभर टक्के लागला पाहिजे, संस्थेला पुढच्या वर्षीची तुकडी टिकवायची असते. मी काढल्या. मेघानं तिची माझ्या टेबलावर परत आणून ठेवली. "मले लागत नाई, मावशी."

पेपर अर्ध्यावर आला अन् तालुक्याहून तपासणीचे साहेब आले. चिठ्ठ्या मोज्यांत गेल्या, खिडकीबाहेर गेल्या. एक मेघाच्या बाकाखाली सरकत आली. तिच्या मागे अंकित बसला होता. साहेबांनी ती उचलली आणि विचारलं, कुणाची? लक्ष्मणरावांनी सगळ्या वर्गावरून नजर फिरवली. कुणाचा बाप काय करतो हे त्यांना तोंडपाठ आहे. मग ते म्हणाले, "मेघा, उभी राह्य."

मेघानं कॉपी केली अशा पंचनाम्यावर साक्षीदार म्हणून सह्या केल्या त्या अंकितनं, आचलनं आणि मी. तिचा बोर्डाच्या परीक्षेचा फॉर्म चौकशी होईपर्यंत रोखला.

त्या दिवशी मी घरी जाऊन जेवले. वांग्याची भाजी होती.

आता, तीन आठवड्यांनी, तिचा पेपर माझ्या हातात होता. चिठ्ठीत घंटा फुटते, हिच्या पेपरात फुटत नाही. चिठ्ठी पाहून लिहिलं असतं तर हिनंही फोडली असती. एवढं दाखवलं तर फॉर्म सुटला असता, आणि शेवटच्या तारखेला सहा दिवस होते. संध्याकाळी मी तो धीरज सरांपुढे ठेवला. त्यांनी उभ्यानंच वाचला, दोनदा. मग गठ्ठ्याच्या तळाशी घातला.

"ताई, माझी ऑर्डर मार्चपर्यंत आहे."

"माझी तर दरवर्षीच संपते, सर."

"मग तुम्हीच बोला ना," ते म्हणाले. टोमणा नव्हता तो. आशेनं म्हणाले, आणि ते मला जास्त लागलं.

सहा दिवस मी उद्या बोलेन म्हणत राहिले. पुस्तकांना कव्हरं घातली, झेरॉक्सची शाई बदलली. मेघा रोज फाटकाबाहेर बाभळीखाली येऊन उभी राहायची. तिच्या वर्गातल्या पोरी सायकलची घंटी वाजवत तिच्या बाजूनं निघून जायच्या.

सातव्या दिवशी चौकशी ठेवली. जिजाबाई, मेघाची आई, कापूस वेचणं सोडून आली होती. पदराला कापसाचे पुंजके चिकटलेले. मेघा तिच्या मागे. साक्षीदार म्हणून आम्ही तिघं, आणि भिंतीला धीरज सर.

लक्ष्मणराव चांगले गोड बोलले. "हे पाहा बाई, चौकशी आम्ही केली असती, पण फॉर्मची तारीख कालच संपली. आता माझ्या हातात काही नाही. पोरगी हुशार आहे, पुढच्या वर्षी बसंल."

"काल संपली?" जिजाबाई म्हणाली. "तं मंग आज काऊन बलावलं?"

लक्ष्मणरावांनी रजिस्टर बंद केलं. आचल नखं पाहत होती. अंकित खिडकीबाहेर. धीरज सर घड्याळ. मेघा एकेकाच्या तोंडाकडे पाहत गेली, आणि तिची नजर जिथं पोचे तिथलं माणूस दुसरीकडे पाहू लागे. शेवटी माझ्यापाशी आली. मी टेबलावरच्या गठ्ठ्याकडे पाहिलं.

"साल गेलं तं गेलं, साहेब," जिजाबाई म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "येईल माह्यासंगं कापूस वेचाले. पन घरी तिचा बाप तिच्याशी बोलत नाई महिन्यापासून. पोरीनं कॉपी केली का नाई केली, येवढं तरी सांगा कोनी."

पंखा फिरत होता.

मी गठ्ठ्याच्या तळातून अर्धा पेपर ओढून काढला. आता त्यानं कुणाचं काही होणार नव्हतं, बहुधा म्हणूनच हात उचलला गेला.

"नाई केली, जिजाबाई," मी म्हणाले. "चिठ्ठ्या मीच काढल्या, प्राचार्यांनी सांगितलं म्हणून. बेचाळीस जनांनी घेतल्या. तुमच्या पोरीनं नाई घेतली."