चादरीची घडी

एमआरआयच्या खोलीतल्या तंत्रज्ञाला मुलं ‘मशीनकाका’ म्हणत, आणि त्याला त्याचा नको इतका गर्व होता. भुलीचं इंजेक्शन न देता एवढ्याशा पोराला अर्धा तास न हलता झोपवावं तर त्यानंच.

बिट्टी चार वर्षं दर सहा महिन्यांनी त्याच्याकडे येत होती. तिच्या मेंदूतली गाठ ‘लो-ग्रेड’. म्हणजे गरीब, हळू वाढणारी, असं डॉक्टरांनी समजावलं होतं, आणि आईनं त्या गाठीला जवळजवळ घरातलंच माणूस करून टाकलं होतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दर वेळी एकच शब्द: डोकं. गाठ होती तेवढीच निघे, आणि सगळे निवांत घरी जात.

दीड वर्षापूर्वी बिट्टी आडवी होताना कळवळली. “काका, पाठ दुखते. आईला नका सांगू, ती रडते.”

हलली असती तर फोटो बिघडले असते. त्यानं चादरीची घडी करून तिच्या कमरेखाली सरकवली. पुढच्या खेपेला घडी आधीच तयार ठेवली. त्याच्या पुढच्या खेपेला दुहेरी. फोटो आरशासारखे स्वच्छ आले. पाठीबद्दल त्यानं कुठे काही लिहिलं नाही. चिठ्ठीत पाठ नव्हती, आणि चिठ्ठीबाहेर नाक खुपसायची त्या खात्यात रीत नव्हती.

या खेपेला बिट्टी पाय ओढत आली. नव्या डॉक्टरीणबाईंनी लिहिलं होतं: डोकं आणि संपूर्ण पाठ. पाठ सपाट हवी म्हणून घडी काढावी लागली. पोर रडली, पण हलली नाही. काकांना शब्द दिला होता. पडद्यावर मानेपासून माकडहाडापर्यंत पांढरे ठिपके दिसत गेले. डोक्यातली गाठ जराही वाढली नव्हती. नुसती खाली कण्यात पसरली होती.

बाहेर डॉक्टरीणबाई आईला विचारत होत्या, “पाठ कधीपासून दुखते?”

“दुखत नव्हती हो. मला तरी कधी म्हणाली नाही.”

तो गप्प बसला असता तरी खपून गेलं असतं. पण तो दारातून पुढे आला. “दीड वर्ष दुखतेय. मला सांगत होती.”

“मग तुम्ही काय केलंत?” आईनं विचारलं.

“खाली चादर घातली.”

आईनं चार शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं बिट्टीच्या पायांत बूट चढवले, लेस बांधली आणि मान वर न करता म्हणाली, “तुमचं तोंड पाहायची इच्छा नाही माझी. पण ती दुसऱ्या कोणाकडे झोपत नाही. पुढची तारीख तुमच्याच पाळीची द्या.”