शेवाळाच्या सूपची हंडी

मी तुक्बेगी बोलतेय. नाव जड जात असेल तर काळी मातीची हंडी म्हणा. या घरात मला 'ब्लॅक पॉट' म्हणतात. मँचेस्टरमधल्या एका किचनच्या खिडकीत माझा मुक्काम आहे. माझ्याबद्दल सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. चिडचिड किती दिवस पोटात ठेवायची?

माझा जन्म कोरियातल्या एका भट्टीत झाला. ह्येवॉनच्या आईनं मला विकत घेतलं आणि तांदळाच्या धुवणात उकळून तयार केलं. मी तापायला वेळ लावते, पण एकदा तापले की टेबलावर आल्यावरही माझ्यातलं सूप खदखदत राहतं.

आमच्याकडे सूप म्हणजे जेवणाआधीची वाटीभर पातळ गंमत नव्हे. भाताच्या उजव्या हाताला त्याची जागा, आणि ते शेवटच्या घासापर्यंत सोबत असतं. नव्या वर्षाच्या सकाळी तांदळाच्या चकत्यांचं सूप खाल्लं, की वय वर्षानं वाढलं असं मानतात. बाळंतिणीला मात्र मियोकगुक, समुद्री शेवाळाचं सूप. पुढे दर वाढदिवसाला तेच खायचं. आपल्याला जन्म दिल्यावर आईनं खाल्लेलं ते हेच, याची आठवण म्हणून.

ह्येवॉन शिकायला इकडे आली, तेव्हा आईनं मला स्वेटरांत गुंडाळून तिच्या बॅगेत ठेवलं. इथे तिनं नागपूरच्या नकुलशी लग्न केलं. भाड्याच्या फ्लॅटमध्ये गॅस होता. दोघांच्याही वाढदिवसाला मी शेगडीवर चढायची.

मग त्यांनी हे घर घेतलं आणि माझं नशीब फिरलं. इथे इंडक्शन. त्याच्यावर माती तापत नाही. मी खिडकीत गेले आणि माझ्यात किल्ल्या, बॅटऱ्या, पार्सलची रबरं जमू लागली. छोटी गॅसची शेगडी आणू, असं नकुल दर वीकेंडला म्हणायचा. म्हणायचाच.

त्यांना मुलगी झाली, तनिषा. ह्येवॉनची आई येणार होती, पण पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं. नागपूरहून सासूबाई आल्या, सुचेताताई. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, सगळं घेऊन आल्या. ह्येवॉन मुकाट्यानं लाडू खायची. एकदा ती नकुलला म्हणाली, मियोकगुक हवंय. त्यानं लगेच फोनवरून कोरियन सूप मागवलं. प्लॅस्टिकच्या डब्यात लालभडक, तिखटजाळ काहीतरी आलं. कोरियन ते कोरियन, असं त्याला वाटलं असावं. तिनं झाकण लावून डबा परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिनंच सुकं शेवाळ भिजत घातलं आणि बाळाला पाजायला वर गेली. मूठभर शेवाळ फुगून पातेलंभर झालं. सुचेताताईंना ते काळपट, बुळबुळीत काहीतरी सडल्यासारखं वाटलं. त्यांनी ते फूड वेस्टच्या डब्यात ओतलं आणि पातेलं घासून टाकलं. माझ्यासमोर! मातीला ओरडता येत नाही.

ह्येवॉन खाली आली. रिकाम्या पातेल्याकडे बघत मोडक्या मराठीत म्हणाली, "आई, ते कचरा नव्हता. बाळ झाल्यावर माझी आई मला देणार होती, ते होतं."

सुचेताताई खुर्चीत बसल्याच. मग विचारलं, "म्हणजे आपल्या अळिवासारखं?"

ती रडत रडत हो म्हणाली.

संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर दोन्ही आया समोरासमोर आल्या. एक कोरियनमध्ये सांगत होती, दुसरी मराठीत उत्तरं देत होती, मध्ये ह्येवॉन. तिळाच्या तेलात शेवाळ परतलं, पाणी घातलं, सूप झालं. स्टीलच्या पातेल्यात! ते निवायच्या आत ह्येवॉननं बाऊल संपवला, दुसरा मागितला. तिच्यासाठी मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण माझी आठवण कुणालाच झाली नाही, हे अजून सलतं.

पुढच्या शनिवारी नकुलनं किल्ल्या काढून मला बागेत नेलं. मला वाटलं, शेगडी आणली. त्यानं मला उपडं केलं आणि बुडाला ड्रिल लावलं. बारीक भोक पडलं. माती भरून त्यानं कोथिंबीर पेरली, मला परत खिडकीत ठेवलं आणि ह्येवॉनला सरप्राइज म्हणून दाखवलं.

तिनं माझ्या काठावरून एकदा बोट फिरवलं. मग "छान आहे," म्हणाली आणि वर गेली.

सुचेताताईंनी मात्र लेकाला सोडलं नाही. "अरे, तिच्या आईनं दिलेलं भांडं ते. विचारलंस का तिला?"

"आई, ते नुसतंच पडून होतं," तो म्हणाला.

नकुल वाईट नाही हो. रोज न चुकता मला पाणी घालतो. ते पाणी माझ्यातून झिरपून खालच्या बशीत उतरतं, आणि पुन्हा कधी सूप धरता येणार नाही, हे मला रोज नव्यानं कळतं. तुमच्याही घरात कुणाचं तरी भांडं नुसतंच पडून असेल. ड्रिल हातात घेण्याआधी त्या माणसाला एकदा विचारा.

कोथिंबीर मात्र झकास आलीय. वरणावर घालतात.